फाटकावरची हाक

लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात कुणाच्या घरी जायचं असेल तर फाटकाशी थांबायचं आणि हाक मारायची. "ओ घरवालेऽऽ!" म्हणायचं, मग आपलं नाव, मग बापाचं नाव. आतून "ये रे" आलं की फाटकाची कडी काढायची. नाही आलं तर आल्या पावली परत. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही नाही. केंटकीच्या या डोंगरात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पणजोबांच्या काळात इथं घराण्याघराण्यांत वैरं होती, माणसं आपल्याच ओसरीवर बसल्या बसल्या गोळी खाऊन मरायची. तेव्हापासूनची ही रीत. हाक मारतो तो पाहुणा. गुपचूप येतो तो वैरी, आणि वैऱ्यासाठी काय असतं ते प्रत्येक घरात दारावरच्या खुंटीला टांगलेलं असतं.

वेंडल कॉडिलनं हार्मन स्टिडम मास्तरांच्या फाटकावर जितक्या हाका मारल्या असतील तितक्या चर्चमध्ये देवालाही मारल्या नसतील. त्याचा बाप आर्व्हिल खाणीत छत कोसळून गेला. आई म्हाताऱ्यांच्या इस्पितळात पाळ्या करायची. त्यामुळे वेंडल आणि त्याची बहीण टेसा, दोघांचं संध्याकाळचं जेवण ओमामावशीच्या हातचं. ओमामावशी म्हणजे मास्तरांची बायको. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव आणि वर काकवी. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं आणि त्याबद्दल त्या दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. फक्त ताटं वाढली.

"ओ घरवालेऽऽ! मी वेंडल! आर्व्हिल कॉडिलचा!"

"ये रे सोन्या, जज चावत नाही!"

उत्तर नेहमी स्वयंपाकघरातून यायचं, आणि नेहमी ओमामावशीचंच. मास्तर समोर ओसरीवर खुर्चीत बसलेले असायचे, पोराला डोळ्यांनी बघत असायचे, पण तोंड उघडायचे नाहीत. "घर तिचं आहे," म्हणायचे, "मी भाडेकरू. या म्हणायचं की जा म्हणायचं, ते तिनं ठरवायचं." जज हा त्यांचा कुत्रा. दिवसभर झोपतो आणि सगळं उरकल्यावर भुंकतो, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव जज ठेवलेलं.

मास्तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. त्यांचा एक धडा आख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, प्रसिद्ध होता. एके दिवशी वर्ग शांत बसलेला असताना ते बाहेरून दाराला लाथ घालून आत यायचे. एखाद्याचं बाक उलथं करायचे, दप्तर जमिनीवर ओतायचे, वह्या तुडवायचे. पोरांची बोबडी वळायची. मग ते कंबरेवर हात ठेवून विचारायचे, "राग आला?"

"आला!"

"बस. हा जो राग आहे ना, त्यातनं हा देश जन्माला आलाय. इंग्लंडच्या राजाचे शिपाई असेच घरांत घुसायचे. म्हणून आपल्या वाडवडिलांनी लिहून ठेवलं, की माणसाचं घर हा त्याचा किल्ला. सरकार कोण? आपला नोकर. आणि नोकर आत येण्याआधी काय करतो?"

"दार वाजवतो!"

एका वर्षी दप्तर ओतलं गेलं ते क्लाइड व्हॅनोव्हरचं. त्यातून तंबाखूची पुडी निघाली. सगळा वर्ग खदाखदा हसला. क्लाइड लालबुंद होऊन उठला आणि ओरडला, "तुम्हाला अधिकार काय माझं दप्तर उघडायचा?" मास्तरांनी त्याला मिठीच मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या! हाच प्रश्न! मरेपर्यंत विसरू नकोस!"

तोच क्लाइड पुढे काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, झाला. निवडणुकीत लोकांनी भरभरून मतं दिली, कारण तोवर दिवस फार वाईट आले होते. खाणी बंद पडल्या होत्या आणि पोरं सुया टोचून मरत होती. क्लाइडची सख्खी पुतणी पेट्रोल पंपाच्या संडासात मेलेली सापडली, निळी पडलेली. त्या दिवसापासून क्लाइडच्या डोळ्यांत काहीतरी थंड बसलं. वॉशिंग्टनहून अंमली पदार्थांविरुद्ध लढायला मदत येत होती; लष्करानं जुनी झाली म्हणून एक चिलखती गाडीही फुकट दिली. ज्या काउंटीत धड दवाखाना नाही तिथं चिलखती गाडी आली! आणि न्यायाधीश न वाचताच सह्या करू लागले, दार न वाजवता आत घुसायच्या परवानग्यांवर. दार वाजवलं तर आतला माणूस माल संडासात ओततो, असं क्लाइडचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. पण सगळ्यांना एकच काठी लावली की कुणाचं तरी डोकं फुटतंच.

वेंडल क्लाइडच्या हाताखाली डेप्युटी होता. टेसाचा नवरा ट्रॅव्हिस स्लोनही. ट्रॅव्हिस म्हणजे बैलासारखा धिप्पाड आणि सतत दात काढणारा. दार फोडायचा लोखंडी ओंडका नेहमी त्याच्याच हातात.

त्या संध्याकाळी चिलखती गाडीत पाच जण होते. ऑक्टोबर महिना, खोऱ्यात धुकं उतरलेलं, दिवेलागणीची वेळ.

"मेव्हण्या, आज तू माझ्या मागं राहा," ट्रॅव्हिस म्हणाला. "तुला काही झालं तर तुझी बहीण मला जेवायला घालणार नाही."

"तुझं पोट बघता तेच बरं होईल."

"गप्प बसा रे दोघं," क्लाइड समोरून गुरगुरला. "स्टिडमचं घर. पुलानंतरचं पहिलं. आत बंदुका असणार. आवाज नाही, हाक नाही, काही नाही. दार फोडायचं, आत."

वेंडलला वाटलं, लॉनी स्टिडमचं असेल. लॉनी म्हणजे मास्तरांचा वाया गेलेला पुतण्या. वरच्या पुलापलीकडे पत्र्याच्या घरात राहायचा आणि विष विकायचा, हे कुत्र्यामांजरालाही ठाऊक होतं. पण वरचा पूल वसंतातल्या पुरात वाहून गेला होता. काउंटीनं नवा पूल बांधला तो बराच खाली. खबऱ्या बोलत होता जुन्या पुलाचं, आणि क्लाइडनं कागदावर घेतलं ते नुसतं 'पूल'. लॉरेल फोर्कमध्ये स्टिडम नावाला तोटा नाही. तिथं दगड भिरकावला तर स्टिडमलाच लागतो.

गाडी थांबली. धुक्यातून वेंडल उतरला आणि समोर फाटक दिसलं. डाव्या खांबाला वेल चढलेला. कडी थोडी वाकडी, त्यानंच लहानपणी झोके घेऊन वाकडी केलेली.

मास्तरांचं फाटक. "क्लाइड..." तो कुजबुजला. क्लाइडनं मागं न बघता मूठ वर केली. गप्प! पाचही जण फाटकातून आत शिरलेसुद्धा.

आता ऐका, कारण पुढे जे झालं ते एवढ्यावरच झालं. हाक वेंडलच्या घशात आली होती. पुरी आली होती, नावासकट, बापाच्या नावासकट. नुसता श्वास सोडायचा होता. पण त्याच्या मनात आलं, आपण हाक मारली आणि आत मास्तर नसून दुसराच कुणी असला, लॉनी असला, तर तो बंदूक उचलेल, आणि सगळ्यात पुढे ट्रॅव्हिस आहे. टेसाचा ट्रॅव्हिस. त्याच्या जिवासाठी वेंडलनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

जज उठला. म्हातारा झाला होता बिचारा, एक डोळा गेलेला. वेंडलचा वास ओळखून शेपटी हलवत पायरीवरून खाली आला आणि मग बाकीच्यांचा वास आला म्हणून भुंकला. कुणीतरी त्याच्या डोक्यात गोळी घातली. तो पायरीवरच आडवा झाला. त्याचे मागचे पाय थोडा वेळ धावत राहिले.

स्वयंपाकघरातून आवाज आला. "कोण आहे रे? नाव सांगा!"

ओमामावशी विचारत होती. पाच जण होते. एकाच्याही तोंडून नाव निघालं नाही.

ट्रॅव्हिसनं ओंडका घातला. पहिल्या धडकेत चौकट फाटली, दुसऱ्या धडकेत दार बिजागरासकट आत कोसळलं आणि ट्रॅव्हिस त्या दारावर पाय देऊन आत गेला. आतून दुनळीचा बार झाला. बुलेटप्रूफ जाकिटाच्या वर, गळ्यापाशी छर्रे लागले. ट्रॅव्हिस मागं वळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण जिथून बोलायचं ते राहिलंच नव्हतं. तो वेंडलच्या अंगावर पडला आणि त्याचं ऊन रक्त वेंडलच्या कॉलरमधून छातीवर उतरलं.

मग सगळ्यांनीच चाप ओढले. वेंडलनंही. कुठं, कशावर, काही दिसत नव्हतं. धूर, लाकडाच्या ढलप्या, फुटणारी भांडी. कपाट आडवं झालं, दिवा गेला. कुणीतरी बाईच्या आवाजात एकदाच "अगं आई" म्हणालं आणि परत म्हणालं नाही. तरीही बार चालूच होते. माणूस घाबरला की बोट चापावरून सुटत नाही. ते नंतर सगळे शौर्य म्हणून सांगतात.

धुरातून मास्तरांचा आवाज आला. "कोण आहात? कोण आहात रे तुम्ही?"

कुणीतरी बॅटरी मारली. मास्तर खुर्चीशेजारी जमिनीवर बसले होते. मांडीतून रक्त वाहत होतं. उजेडात त्यांना वर्दीवरचा बिल्ला दिसला आणि त्याच क्षणी त्यांनी दुनळी जमिनीवर ठेवून दूर सरकवली. दोन्ही हात वर केले. मग त्यांची नजर वेंडलवर आली.

"वेंडल?" ते म्हणाले. "हाक का नाही मारलीस, बाळा?"

क्लाइडनं त्यांना बुटानं पालथं पाडलं आणि पाठीवर गुडघा रोवून बेड्या घातल्या. स्वयंपाकघराच्या दारात ओमामावशी पडली होती. तिच्या हातात अजून तवा होता. चुलीवरचा मक्याचा पाव जळायला लागला होता आणि ती चूल विझवायचं भान कुणालाच नव्हतं. शेवटी वेंडलनंच ती विझवली. तेवढंच काय ते त्यानं त्या घरासाठी केलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते इथं अक्षरशः व्हायची वेळ आली. लॉनी त्याच संध्याकाळी गोळ्यांचे आवाज ऐकून डोंगरापलीकडे पसार झाला. आणि मास्तरांवर डेप्युटीच्या खुनाचा खटला भरला गेला. केंटकीत पोलिसाला मारलं तर मरणाची शिक्षा होऊ शकते.

पण त्याच केंटकीत दुसराही कायदा आहे. कुणी जबरदस्तीनं घरात घुसला तर घरमालकानं गोळी घातली तरी तो गुन्हा नाही. किल्ल्याचा कायदा. घुसणारा पोलीस असेल आणि त्यानं आपण कोण ते सांगितलं असेल, तरच हा कायदा लागू होत नाही. म्हणजे सगळा खटला येऊन अडला एका प्रश्नावर. हाक मारली होती का?

क्लाइडनं ते ओळखलं होतं. ट्रॅव्हिसचं प्रेत अजून इस्पितळात होतं, वेंडलच्या शर्टावरचं रक्त वाळलं नव्हतं, तेव्हाच तो कॉरिडॉरमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसला.

"आपण पायरीवर ओरडलो. 'पोलीस, झडतीचं वॉरंट.' पाचही जण ओरडलो. बरोबर?"

वेंडलनं मान फिरवली.

"इकडे बघ. मास्तरांनी आपल्याला दोन धडे शिकवले होते. तुला एकच आठवतो. घर म्हणजे किल्ला, सरकार म्हणजे नोकर. दुसरा आठव. माणसांनी सरकार केलंच कशाला? सरकार नसलं तर शेजारी शेजाऱ्याला कच्चा खातो, म्हणून. माझ्या पुतणीला खाल्लं कुणीतरी. तेव्हा कुठं होता किल्ला?"

"ओमामावशीनं कुणाला खाल्लं होतं, क्लाइड?"

क्लाइडचा गाल थरथरला. एक क्षण वाटलं, हा आता रडणार. मग त्यानं वेंडलची मान मागून धरली आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, फार जोरात नाही, समज देण्याइतकं. "तुझ्या बहिणीचा नवरा मेलाय. तिला जाऊन सांग, की तो चोरासारखा न सांगता घुसला म्हणून मेला. सांगशील?"

वेंडलनं जबाबावर सही केली. पाचही जण ओरडलो.

ट्रॅव्हिसला झेंड्यात गुंडाळून पुरलं. तीन काउंट्यांतले पोलीस आले. टेसा ताठ उभी होती, डोळ्यांत टिपूस नाही. ओमामावशीला दुसऱ्या दिवशी पुरलं. मास्तरांना तुरुंगातून सोडलं नाही. शवपेटी उचलायला माणसं कमी पडली, कारण अर्धं खोरं क्लाइडला घाबरत होतं आणि उरलेल्या अर्ध्याला ट्रॅव्हिसबद्दल वाईट वाटत होतं. वेंडल दफनभूमीच्या कुंपणाबाहेर गाडीत बसून राहिला. उतरला नाही. तिचं कालवण खाऊन वाढलेला माणूस, आणि तिच्या पेटीला खांदा द्यायला उतरला नाही! लाज वाटते सांगायला, पण झालं ते असं झालं.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. साक्षीच्या दिवशी सकाळी टेसानं त्याचा टाय नीट केला. तिचे हात गार होते.

"दादा, मला काही ऐकायचं नाही," ती म्हणाली. "तू काय पाहिलंस, कुणी काय केलं, काही नाही. फक्त एक सांग. म्हातारा मरेल ना?"

"त्यानं आपल्याला जेवायला घातलंय, टेसा."

"आणि माझ्या नवऱ्याचा गळा उडवलाय." तिनं टायची गाठ जरा जास्तच ओढली. "ट्रॅव्हिस सगळ्यात पुढे होता. तू मागं होतास. त्याच्या पाठीमागं लपला होतास तू. त्याचं देणं दे."

कोर्ट खच्चून भरलं होतं. बारा ज्यूरी, सगळे त्याच डोंगरातले: शाळेच्या बसचा ड्रायव्हर, एक न्हावी, पेन्शनवरचे खाणकामगार, चर्चमधला पियानो वाजवणारी बाई. मास्तर बरेच वाळले होते. काठी धरून बसले होते. त्यांनी आपल्या साक्षीत एवढंच म्हटलं होतं, "मला नाव ऐकू आलं असतं तर मी बंदूक खाली ठेवली असती. इंग्लंडच्या राजाचं नाव आलं असतं तरी ठेवली असती. शिव्या घातल्या असत्या, पण ठेवली असती." ज्यूरीतला न्हावी हसला होता.

तोवर क्लाइडची आणि दोन डेप्युटींची साक्ष झाली होती. पाचही जण ओरडलो, तिघांनी पाठ केल्यासारखं सांगितलं.

मास्तरांच्या वकीलबाईनं वेंडलला विचारलं, "तुम्ही लॉरेल फोर्कमध्ये वाढलात. कुणाच्या घरी जाताना काय करता?"

"फाटकावर हाक मारतो."

"का?"

सरकारी वकील उठला, "हरकत आहे," म्हणाला. ज्यूरीतल्या बसच्या ड्रायव्हरनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हा प्रश्न ज्याला कळत नाही तो कुठल्या गावचा.

"त्या संध्याकाळी हाक मारली?"

वेंडलनं समोर पाहिलं. पहिल्या रांगेत टेसा होती, काळ्या पोशाखात. तिच्यामागं क्लाइड, हाताची घडी घालून. मास्तर त्याच्याकडे बघतच नव्हते. ते आपल्या काठीच्या टोकाकडे बघत होते. पोरगा पाढा चुकणार असला की पोरगा अवघडू नये म्हणून ते असेच दुसरीकडे बघायचे.

"नाही," वेंडल म्हणाला.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. जबाबात मी खोटं लिहिलंय." तो वकीलबाईकडे वळला. "आणि बाई, तुम्ही विचारलं नाही तेही सांगतो. फाटकाशी उतरल्याबरोबर मला घर कळलं होतं. हाक माझ्या तोंडात होती. ओमामावशीनं आतून विचारलं, कोण आहे, नाव सांगा. तिनं विचारलं! आम्ही पाच जण होतो. मला फक्त माझं नाव सांगायचं होतं. नाव सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ये रे, आणि आम्ही सगळे... ट्रॅव्हिससुद्धा... तिनं सगळ्यांना जेवायला बसवलं असतं."

टेसा किंचाळली. शब्द नव्हतेच, नुसती किंकाळी. ती कठड्यावरून वेंडलकडे झेपावली, कोर्टाच्या शिपायानं तिला कमरेला धरलं तर तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला. क्लाइड जागचा हलला नाही. न्यायाधीश हातोडा आपटत राहिले.

ज्यूरी फार वेळ आत राहिली नाही. मास्तर सुटले.

वेंडल सुटला नाही. कोर्टामागच्या आवारात, जिथं पोलिसांच्या गाड्या लावतात, तिथं त्याची वाट बघत खात्यातलेच चौघं उभे होते. पहिला फटका दंडुक्याचा, गुडघ्याच्या मागं. तो खाली बसला. मग बुटांनी. दोन बरगड्या मोडल्या तेव्हा झालेला आवाज त्याला स्वतःला ऐकू आला, वाळकी काटकी मोडावी तसा. एकानं त्याचा चेहरा चिलखती गाडीच्या बंपरवर घासला. "हाक मार ना आता!" ते म्हणत होते. "मार की! कोण येतंय बघू!" त्यानं हाक मारली नाही. डांबरावर स्वतःचे दोन दात पडलेले त्याला दिसले आणि त्यांच्यापलीकडे टेसाचे काळे बूट.

त्याला वाटलं, ही आता यांना थांबवेल.

टेसा सगळं होईपर्यंत उभी राहिली. ते दमून बाजूला झाले तेव्हा ती म्हणाली, "अजून एक. माझ्या वतीनं." त्यांनी दिला.

नोकरी गेली हे सांगायला नको. टेसा पोराबाळांसह ओहायोला सासरच्यांकडे निघून गेली. जाताना भावाला भेटली नाही. क्लाइड पुढच्या निवडणुकीत परत निवडून आला. ज्या लोकांनी मास्तरांना सोडलं, त्याच लोकांनी क्लाइडला मतं दिली, आणि विचारलं तर म्हणतात, त्यात काय चुकलं? दोन्ही धडे त्यांना एकाच मास्तरांनी शिकवले होते.

बरगड्या जुळल्यावर, एप्रिलात, एका दुपारी वेंडल चालत लॉरेल फोर्कला गेला. का गेला? माफी मागायला, असं तो स्वतःला सांगत होता. पण माफी मागायला जाणारा माणूस वाटेत इतक्या वेळा मागं फिरत नाही.

फाटक तेच होतं. कडी वाकडी. घराला नवं दार बसवलं होतं, रंग न दिलेल्या फळ्यांचं. भिंतीतली भोकं तशीच होती. मास्तर ओसरीवर खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर तीच दुनळी होती, पुराव्यातून सोडवून कोर्टानं परत दिलेली. पायरीवर जज नव्हता.

वेंडलनं तोंड उघडलं. दातखीळ बसली. घशातून नुसती हवा आली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. मग त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं आणि वाटलं, राहू दे, असंच होऊ दे, हेच बरं. त्यानं हाक न मारताच कडी वर उचलली.

बार झाला. वेलाच्या खांबाचा वरचा तुकडा उडाला आणि एक ढलपी वेंडलचा गाल फाडून गेली. पाखरं उठली.

"दुसरी नळी छातीत," मास्तर म्हणाले. "रीत ठाऊक आहे ना? हाक मार."

"येत नाही, मास्तर." गालावरून रक्त गळत होतं. "येतच नाही. तुम्ही घाला गोळी. मी काही म्हणणार नाही."

"मेल्या, त्या दिवशी गप्प बसलास, आणि आज मला तुझा खुनी करायला आलास होय? माझ्या फाटकात?" मास्तर काठी टेकत उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मी तुला काय शिकवलं? काय शिकवलं रे मी तुला? नाव सांग! बापाचं नाव सांग! हाक मार म्हणतो ना!"

त्यांनी दुनळीचा घोडा मागं ओढल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

आणि वेंडलच्या छातीतून, मोडून जुळलेल्या बरगड्यांमधून, ती वर आली.

"ओ घरवालेऽऽ! मी वेंडल! आर्व्हिल कॉडिलचा!"

समोरच्या डोंगरावर आदळून ती परत आली आणि विरली. मास्तरांनी बंदूक खाली केली. सवयीनं, अगदी सवयीनं, दोघांचीही तोंडं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली.

दोघं थांबले.

खिडकीच्या पडद्याला वारा लागत होता. आत कुठंतरी नळ ठिबकत होता. मास्तरांचे ओठ हलले. एकदा, दोनदा. इतक्या वर्षांत त्यांना ते दोन शब्द कधी म्हणावेच लागले नव्हते, आणि आता ते त्यांना म्हणता येत नव्हते. ते परत खुर्चीत बसले, दुनळी मांडीवर आडवी घेतली, आणि दाराकडे कान लावून तसेच राहिले.

वेंडलनं बराच वेळ वाट पाहिली. मग त्यानं वाकडी कडी हळूच परत लावली आणि आल्या पावली परत गेला.